सहाव्या घंटेची जागा

थॉर्नबी
रविवार, १३ सप्टेंबर

ऑब्री,

आईच्या घराचं पन्हाळ गळतंय. मागच्या बाजूचं, तुझ्या खोलीच्या खिडकीवरचं. घर दोघांच्या नावावर आहे म्हणून कळवते आहे. नाहीतर चार वर्षांत एक ओळ न लिहिणाऱ्या भावाला पन्हाळाची खबर द्यायची मला काही हौस नाही. पोर्तुगालचा पत्ता विल्फने दिला. त्याला तू नाताळात कार्ड पाठवतोस म्हणे. असो.

विल्फ ठणठणीत आहे. गुडघे गेलेत, पण घंटांच्या मनोऱ्याचा जिना अजून शिव्या घालत चढतो आणि वर पोचला की आम्हा वाजवणाऱ्यांना शिव्या घालतो.

बाकी सांगण्यासारखं एकच आहे. हे पत्र इथे फाडू नकोस. मी अजून कुंपणात जाते, शेतापलीकडच्या त्या केंद्रात. दर बुधवारी. तू तिथली पगारी नोकरी सोडलीस, मी माझी बिनपगारी सोडली नाही. गुन्हा काही नाही, फक्त या देशात आसरा मागितला म्हणून माणसं आत ठेवलेली, कधीपर्यंत ते त्यांना ठाऊक नाही आणि ठेवणाऱ्यांनाही नाही. ते सगळं तू पाहिलंस तसंच आहे. दारावर आता पॉलीन असते. तू असताना सख्ख्या बहिणीला 'ठशासाठी बोट इथे ठेवा, मॅडम' म्हणायचास. ती निदान 'गारठा आहे ना, हेस्टर' म्हणते आणि मग बोट ठेवायला लावते.

यंदा आमच्या भेटायला जाणाऱ्यांच्या मंडळाने मला हब्तोम नावाचा माणूस जोडून दिलाय. एरिट्रियाचा, तिशीच्या आतला, उंच, खुर्चीत बसला की पाय कुठे ठेवावे ते न कळणारा. आमचा नियम तुला माहीत आहे. का आलास, कसा आलास, काय सोसलंस, हे आम्ही विचारायचं नाही. ते त्याला सगळेच विचारतात, आणि उत्तर खोटं ठरवायला विचारतात. आम्ही चहा आणि हवा यांवर बोलतो. पहिल्या काही भेटींत तो त्यावरही बोलला नाही. मी एकटीच बडबडत होते, रिकाम्या बसमध्ये थांब्यांची नावं पुकारल्यासारखी.

परवाच्या बुधवारी त्याने पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाला, "अदेय हेस्टर, रविवारी चर्चच्या घंटा वाजवतात ना, त्यांतला एक माणूस येत नाही. तो आजारी आहे का?"

अदेय म्हणजे त्यांच्याकडे आई. वडीलधाऱ्या बाईला असंच म्हणतात. पण मी तिकडे लक्ष दिलंच नाही. मी म्हटलं, "तुला कसं कळलं?"

"पाच घंटा वाजतात," तो म्हणाला, "आणि मग एक जागा रिकामी जाते. मग पुन्हा पहिली. ती जागा कुणाची आहे?"

ऑब्री, तुला हे ठाऊक नाही, म्हणून सांगते. तू गेल्यावर आम्ही पाचच उरलो. पाच घंटा एकामागून एक लागोपाठ वाजवता येतात, कुणाला काही खटकत नाही. पण विल्फ ऐकेना. म्हणाला, "सहावीची जागा सोडायची. ऑब्री गेलाय, मेला नाही." म्हणून माझी पाचवी झाली की आम्ही सगळे एका ठोक्यापुरते थांबतो आणि मग विल्फची पहिली. चार वर्षं. गावात कुणाच्याही कानाला ते कळलं नाही. पाद्रीणबाईंनाही नाही. आणि शेतापलीकडे, न उघडणाऱ्या खिडकीमागे बसलेल्या माणसाला कळलं.

माझा चहा गार झाला.

पन्हाळाचं काय करायचं ते कळव.

हेस्टर

थॉर्नबी
सोमवार, ५ ऑक्टोबर

ऑब्री,

उत्तर नाही. बरं.

मी त्याला तुझ्याबद्दल सांगितलं. सगळं नाही, भाऊ आहे, सहावी त्याची, समुद्रापलीकडे गेला एवढंच. तू त्याच इमारतीत किल्ल्या घेऊन फिरायचास हे नाही सांगितलं. त्याला घंटांचं समजावून दिलं. सगळ्यात लहान पहिली, सगळ्यात जड सहावी, आवाज पायऱ्या उतरावा तसा खाली येतो. आम्ही गाणं वाजवत नाही, फक्त हीच फेरी पुन्हा पुन्हा. तो हसला. पहिल्यांदा. म्हणाला, "पाचवी नेहमी किंचित उशिरा येते."

"पाचवी मी आहे," मी म्हटलं. "तीस वर्षं बस चालवली. सवय लागलीय."

मग त्याने त्याच्या गावाचं सांगितलं. मी विचारलं नव्हतं. डोंगराच्या सपाट माथ्यावर गाव. तिथे चर्चबाहेर झाडाला दगड टांगलेले असतात. लांबट, पातळ शिळा. दुसऱ्या दगडाने ठोकलं की वाजतात, आणि प्रत्येकीचा आवाज वेगळा. त्याचे वडील त्या वाजवायचे. पहाटे धुकं असलं की गुरं कुठे आहेत ते दिसायचं नाही, पण दगडांचा आवाज कुठून येतो त्यावरून घर कुठे आहे ते कळायचं. लहानपणी तो त्याच आवाजाच्या दोराला धरून घरी यायचा. हे त्याचे शब्द, माझे नव्हेत. मला असं काही सुचत नाही.

"दगड वाजतो?" मी विचारलं.

"सगळे नाही वाजत," तो म्हणाला. "वाजणारा शोधावा लागतो. माझ्या वडिलांना एक सापडायला पाच पावसाळे लागले."

परत येताना मी चर्चच्या आवारातले दगड ठोकून पाहत होते. विल्फने मला थडग्यांवर टकटक करताना पाहिलं. "कुणी दार उघडलं नाही तर घरी जा गं," म्हणाला. मी त्याला दगडांचं सांगितलं. तो कुंपणाच्या दिशेने वळला. तिथल्या माणसांना 'सरकारी खर्चाने पोसलेले' म्हणणारा विल्फ, तुला आठवतच असेल. एवढंच म्हणाला, "त्याला ऐकू येतं तिथे?"

त्यानंतरच्या रविवारी विल्फने आमच्याकडून दुप्पट वेळ वाजवून घेतलं. कारण विचारलं तर खेकसला.

हेस्टर

थॉर्नबी
बुधवार, ११ नोव्हेंबर

ऑब्री,

आज काय झालं ते सांगते. खूप हसलेय आणि नंतर रडलेय, क्रम तुला हवा तो लाव.

गेल्या रविवारी महायुद्धांत पडलेल्यांचा स्मरणदिवस होता. नेहमीप्रमाणे शनिवारी विल्फने प्रत्येक घंटेच्या आतल्या, ठोका देणाऱ्या लोळीला एका बाजूने चामड्याची गादी बांधली. म्हणजे एक ठोका मोकळा आणि दुसरा मातीखालून आल्यासारखा. आपल्याला त्याची इतकी सवय की मी हब्तोमला सांगायला विसरले.

त्याने खोलीत ते ऐकलं. एक ठोका जिवंत, एक मेलेला. त्याला वाटलं घंटा वाजवणाऱ्यांपैकी कुणीतरी गेलं. आणि पाचवी नेहमीपेक्षाही उशिरा येत होती, म्हणजे तिच्या दोरावर हात दुसऱ्याच कुणाचा, असं त्याने धरलं. बोटं गारठली होती माझी. तो दारावर थापा मारत बसला. कधी काही न मागणारा माणूस, म्हणून पॉलीन धावत गेली. "कोण मेलं?" त्याने विचारलं.

पॉलीन म्हणाली, "सगळेच रे. दोन्ही महायुद्धांतले."

आज मी भेटीच्या खोलीत शिरले तर तो उभाच. मला पाहिलं तेव्हा कुठे बसला. "अदेय, तू आहेस," म्हणाला. त्याच्या तीन रात्री तशा गेल्या होत्या, ऑब्री. इथे मला ओळखणारी माणसं कितीतरी आहेत. पण मी मेले की काय म्हणून तीन रात्री जागणारं कुणी असेल असं मला वाटलं नव्हतं. मी एकटी राहते, मजेत राहते, तुला कल्पना आहे.

निघताना नियम मोडता मोडता राहिले. तुला तो नियम माहीत असेल. तुम्ही आमच्यावर हसायचात. आम्ही आतल्या माणसाला 'पुढच्या बुधवारी भेटू' असं कधी म्हणत नाही. पुढच्या बुधवारी तो असेल की पहाटे उठवून विमानात बसवलेला असेल ते कुणाला सांगता येत नाही, मग खोटी आशा कशाला? आम्ही म्हणतो, 'तोवर नीट राहा.' कधीपर्यंत ते सांगत नाही. मी तेच म्हटलं, पण जीभ अडखळली.

हेस्टर

थॉर्नबी
गुरुवार, ३ डिसेंबर

ऑब्री,

पन्हाळ गळत नाही. तू गेलास त्याच वर्षी मी ते बदलून घेतलं. तुला पत्र लिहायला काहीतरी निमित्त हवं होतं आणि आईच्या घरात दुसरं काही बिघडलेलं नव्हतं.

आता खरं काम. हब्तोम इंग्लंडला येण्याआधी इटलीत उतरला. तिथे त्याच्या बोटांचे ठसे घेतले गेले, म्हणून त्याचा अर्ज इटलीनेच पाहावा असं आपलं गृहखातं म्हणतं. तिथे तो आणि त्याचा चुलतभाऊ एक हिवाळा स्टेशनाजवळच्या पुलाखाली झोपले. चुलतभाऊ त्या हिवाळ्यात गेला. मिस प्रॉसर म्हणून वकीलबाई आहेत, तरुण, तिखट. त्या म्हणतात, बाहेर राहून लढला तर प्रकरण जिंकण्यासारखं आहे. आत राहिला तर कागद पुरे व्हायच्या आधीच कुठल्यातरी पहाटे विमानात बसवतील.

जामिनासाठी पत्ता लागतो. खरं घर, खरं दार, आणि 'हा इथे राहील' असं म्हणणारा घरमालक. मी राहते त्या म्हाताऱ्यांच्या चाळीत पाहुणा तीन रात्रींच्या वर चालत नाही. मंडळातल्या बाकीच्यांची घरं आधीच भरलीत. आईचं घर रिकामं आहे, चर्चच्या समोर आहे, आणि निम्मं तुझं आहे.

मला माहीत आहे मी कुणाला काय मागते आहे. तू त्या लोकांवर कुलूप लावलंस आणि मी त्यांच्याशी गप्पा मारल्या, आणि आईच्या अंत्यविधीनंतरच्या जेवणाला पाहुणे बसलेले असताना आपण त्यावरून भांडलो. तू म्हणालास, "तू दोन तास येतेस बिस्किटं घेऊन. मी बारा तास असतो." ते खरं होतं. मी जे म्हणाले तेही खरं होतं. पण तेव्हा हब्तोमचा त्यात काही संबंध नव्हता आणि आताही नाही.

चार ओळी पुरतील. माझी संमती आहे, खाली सही. सुनावणी सतरा तारखेला.

हेस्टर

थॉर्नबी
शुक्रवार, १८ डिसेंबर

ऑब्री,

जामीन नाकारला. तुझ्या चार ओळी आल्या नाहीत म्हणून.

शहरातल्या न्यायालयात मी बसले होते. हब्तोम तिथे नव्हता; त्याला आणत नाहीत, कुंपणातल्या एका खोलीत कॅमेऱ्यासमोर बसवतात आणि आपल्याला भिंतीवरच्या पडद्यावर तो दिसतो. न्यायाधीश वाईट माणूस नव्हता. त्याने मला विचारलं, घराचे दुसरे मालक कुठे आहेत? मी म्हटलं, पोर्तुगालात. त्यांचं काय म्हणणं आहे? मी म्हटलं, ते मला गेली चार वर्षं समजलेलं नाही. लोक हसले. न्यायाधीश हसला नाही. म्हणाला, संमती घेऊन या, मी पुन्हा ऐकेन.

राग आलाय मला. शब्द कमी करून लिहिते आहे.

पण आज त्याला भेटायला खास परवानगी काढून गेले, आणि त्याने जे सांगितलं ते तुला सांगितल्याशिवाय मला झोप येणार नाही. मी माफी मागायला गेले होते. तो म्हणाला, "अदेय, तुझ्या भावाची जागा कुणी सोडायला सांगितली?" मी विल्फचं नाव घेतलं. तो म्हणाला, "त्याला हे कुणी शिकवलं?"

मग तो बोलत गेला. वाळवंट ओलांडताना ते मालमोटारीत ताडपत्रीखाली होते. अंधार, हालायला जागा नाही, कुणाचा चेहरा कुणाला दिसत नाही. म्हणून त्यांनी एक ठरवलं. ओळीने प्रत्येकाने आपलं नाव पुकारायचं, शेवटच्याचं झालं की पुन्हा पहिला. जिवंत आहोत हे कळावं म्हणून. दुसऱ्या दिवशी एका बाईचं नाव आलं नाही. तिच्या पुढच्या माणसाने लगेच आपलं नाव घेतलं नाही. तिच्या नावाला लागतो तेवढा वेळ तो थांबला आणि मग बोलला. पुढच्या फेरीतही थांबला. कुणी सांगितलं नव्हतं. आणखी नावं गळली तरी कुणी जागा बुजवली नाही. शेवटी शेवटी नावांपेक्षा थांबणंच जास्त होतं, पण क्रम चुकला नाही. आणि एका फेरीत एका रिकाम्या जागेतून आवाज आला. एक म्हातारा, दोन दिवस गप्प पडलेला. त्याची जागा होती, म्हणून त्याला परत येता आलं.

"इथे आल्यावर पहिल्या रविवारी मी ऐकलं," हब्तोम म्हणाला. "पाच, आणि मग थांबले. मी म्हटलं, या लोकांनाही ठाऊक आहे."

ऑब्री, मला काही ठाऊक नव्हतं. मी इतकी वर्षं तो दोर ओढत होते आणि मला वाटायचं विल्फ हट्टी आहे.

मी ते विल्फला जसंच्या तसं सांगितलं. त्याने टोपी काढली आणि हातात धरून बसला. त्या माणसाने टोपी आईच्या अंत्यविधीलासुद्धा सगळ्यांत शेवटी काढली होती.

हेस्टर

थॉर्नबी
शनिवार, ३० जानेवारी

ऑब्री,

दोन गोष्टी.

एक. मला ताप होता, म्हणून दोन रविवार मनोऱ्यात गेले नाही. बुधवारी हब्तोमने विचारलं, "दोन जागा रिकाम्या होत्या. आता बरी आहेस?"

दुसरी. पॉलीनने मला लॉकरपाशी गाठलं. तुझं पत्र आलं का विचारलं, मी नाही म्हटलं, तर म्हणाली, "त्याने नोकरी का सोडली ते तुला सांगितलं नाही ना?" आणि मग तिने सांगितलं. एका माणसाला पहाटे अनवाणी उचलून नेलं, आणि तू त्याचे बूट हातात घेऊन गाडीमागे फाटकापर्यंत पळत गेलास, आणि गाडी थांबली नाही. तू दिवसभर ते बूट घेऊन कर्मचाऱ्यांच्या खोलीत बसलास. दुसऱ्या दिवशी राजीनामा.

मला हे चार वर्षांनी पॉलीनकडून कळावं? तू मला म्हणालास, "नोकरी म्हणजे नोकरी, हेस्टर," आणि गेलास. मी तुझं ते वाक्य सगळ्या गावाला ऐकवलंय. तू मूर्ख आहेस. माझा भाऊ आहेस हे त्याहून वाईट.

सुनावणी गुरुवारी, ११ फेब्रुवारीला, सकाळी साडेदहाला. हब्तोमच्या विमानाचं तिकीट निघालंय, सुनावणीनंतरच्याच सोमवार पहाटेचं. यावेळी नाही झालं तर पुन्हा संधी नाही. विल्फने ठरवलंय की पावणेअकराला, सुनावणी चालू असतानाच, घंटा वाजवायच्या, म्हणजे हब्तोमला कॅमेऱ्यासमोर बसल्या बसल्या ऐकू येतील. पाद्रीणबाईंनी परवानगी दिली. मी शहरात असेन, म्हणून वाजवणारे चारच.

तुझ्या खोलीत मी नवी चादर घातलीय. कुणासाठी ते अजून ठरलेलं नाही. घरात खोल्या दोन आहेत.

हेस्टर

परतीच्या गाडीत
गुरुवार, ११ फेब्रुवारी

ऑब्री,

हे पत्र टपालात टाकणार नाही. हातात देईन. पण आत्ता लिहिते आहे, कारण समोर तू असलास की मी हे बोलणार नाही, दुसरंच काहीतरी बोलेन, आणि आवाज चढवून बोलेन.

काय झालं ते माझ्या बाजूने ऐक. तुझी बाजू तुला माहीत आहे.

तेच न्यायालय, तेच न्यायाधीश, यावेळी त्यांना सर्दी. पडद्यावर हब्तोम, इस्त्रीचा शर्ट. तो मंडळाने पाठवला होता, बाह्या आखूड. गृहखात्याचा माणूस उभा राहिला आणि म्हणाला, घराच्या दुसऱ्या मालकाची संमती अजूनही आलेली नाही. मिस प्रॉसरनी दोन महिन्यांची मुदत मागितली. न्यायाधीश म्हणाले, सोमवारी विमान आहे, मी दोन महिने कुठून देऊ? आणि त्यांनी पेन उचललं. मी त्या पेनाकडे बघत होते. मला आठवतं, मी मनात तुला फार वाईट वाईट शिव्या दिल्या.

तेवढ्यात पडद्यातून घंटा ऐकू यायला लागल्या. बारीक, पत्र्याच्या डब्यात वाजाव्या तशा. विल्फची पहिली, मग दुसरी, तिसरी, चौथी. न्यायाधीशांनी वर पाहिलं. "हा काय आवाज आहे?"

पडद्यावर हब्तोमने शाळेतल्या मुलासारखा हात वर केला होता. डोळे मिटलेले. दुभाषा काही म्हणायच्या आत तो इंग्रजीत म्हणाला, "साहेब, थांबा. ऐका."

सगळे थांबले. खरंच, ऑब्री, तो गृहखात्याचा माणूससुद्धा. पुन्हा फेरी आली. एक, दोन, तीन, चार. मग रिकामी जागा. आणि मग सहावी.

मी खुर्चीचा हात धरला. तो आवाज मी कुठेही ओळखेन. तुझ्या सहावीला एक शेपूट असतं, शेवटी जरा लांबणारं, विल्फ त्यावरून तुला आयुष्यभर बोललाय. मला वाटलं भास झाला. पण पुढची फेरी आली आणि ती पुन्हा वाजली.

"साहेब," हब्तोम म्हणाला, "घराचे दुसरे मालक आलेत."

न्यायाधीश म्हणाले, "कुणी सांगितलं तुम्हाला?"

"त्यांची घंटा वाजतेय. पाचवी वाजत नाही, कारण पाचवी अदेय हेस्टरची, आणि त्या तिथे तुमच्यासमोर बसल्यात. सहावी त्यांच्या भावाची. मी या खिडकीमागे आल्यापासून ती वाजली नव्हती. आज वाजतेय."

न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. "हे खरं आहे?"

मी उभी राहिले. बसमधल्या उर्मट पोरांना गप्प करायच्या आवाजात "हो" म्हटलं.

"या खुर्चीत बसून मी पुष्कळ साक्षी ऐकल्या," न्यायाधीश म्हणाले, आणि नाक पुसलं. सर्दी होतीच त्यांना. "घंटेची पहिलीच. बारा वाजेपर्यंत वेळ देतो. लेखी आणा."

मिस प्रॉसर फोन घेऊन जिन्याकडे पळाल्या. पाद्रीणबाई मनोऱ्याचा जिना धावत चढल्या म्हणे, त्यांचं वय काय आणि तो जिना काय. आणि पाऊण तासाने तुझा कागद फोनवरून आला. प्रार्थनेच्या कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, तुझ्या त्या कोंबडीच्या अक्षरात. न्यायाधीशांनी तो मोठ्याने वाचला. मी इथे तसाच उतरवून ठेवते, तू नंतर नाकारशील म्हणून:

'मी ऑब्री, थॉर्नबीचा. हब्तोम यांनी माझ्या आईच्या घरात लागेल तितके दिवस राहावं, याला माझी संमती आहे. मी या केंद्रात पूर्वी कामाला होतो. सकाळी घर पाहून आलो. पन्हाळ गळत नाही, माझी बहीण पहिल्या पत्रात खोटं बोलली. बाकी ती म्हणते ते खरं असतं.'

न्यायाधीश म्हणाले, हे शेवटचं वाक्य कामकाजात घ्यायचं का? मिस प्रॉसर म्हणाल्या, "नक्की घ्या, साहेब."

जामीन मंजूर. आज संध्याकाळी त्याला सोडतील. पडदा बंद करायच्या आधी मला एक मिनिट बोलू दिलं. मी हब्तोमला म्हटलं, "संध्याकाळी भेटू." ते शब्द उच्चारायला मला किती भीती वाटली, तुला सांगू? त्या इमारतीतल्या माणसाला मी असं कधीच म्हटलेलं नाही. त्याने ते शब्द परत म्हटले, हळूहळू, नीट बसतात का बघत असल्यासारखे. "संध्याकाळी भेटू, अदेय."

फाटकाशी मला पोचायला वेळ लागेल, म्हणून तू जावंस असा निरोप मी फोनवरून पाद्रीणबाईंकडे ठेवलाय. तू गाडीमागे पळाला होतास तेच फाटक. त्याला तुझ्याबद्दल मी सगळं सांगितलेलं नाही. काय सांगायचं ते तू ठरव. मला वाटतं त्याला अंदाज आहे. त्याला मी न सांगितलेलं बरंच ऐकू येतं.

आता मला लिहायचं होतं ते. गाडीत बसल्यापासून मी तीच फेरी मनात वाजवते आहे. तू चार वर्षांनी मनोऱ्यात आलास. विल्फ म्हणाला असेल, हेस्टर नाही, पाचवीची जागा घे, म्हणजे सलग वाजेल. किंवा म्हणाला असेल, बुजव ती जागा, आज कोण ऐकतंय. किंवा काहीच म्हणाला नसेल. तू चौथीनंतर थांबलास. माझ्या घंटेला लागतो तेवढा वेळ थांबलास, आणि मग आपली वाजवलीस. एकदा नाही, प्रत्येक फेरीत.

पत्रांचं उत्तर असं द्यायचं असतं हे मला माहीत नव्हतं. सगळी मिळाली मला.

रविवारी सकाळी त्याला मनोऱ्यात वर नेऊ. बाकावर बसवू, हातात दोर अजिबात द्यायचा नाही, तो उंच आहे आणि विल्फचं काळीज म्हातारं आहे. नुसतं ऐकू दे, भिंतीच्या या बाजूने.

गाडी स्टेशनात शिरतेय. इथून बस आहे, आणि चालवणारा तो नवखा पोरगा आहे, म्हणजे वेळेचं काही खरं नाही. चहाला आधण ठेवू नका इतक्यात. जागा तेवढी सोडा. पाचवी येतेय, नेहमीसारखी किंचित उशिरा.

हेस्टर